यॉगमॉथ डेक: लूपच्या आधीचा, लूपमधला आणि लूपशिवायचा खेळ

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळाच्या मॉडर्न फॉरमॅटमध्ये यॉगमॉथ डेक हातात घेणारा जवळपास प्रत्येक खेळाडू आधी लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरवता येणारा चालींचा क्रम, पाठ करतो. लूप शिकणं सोपं आहे. एक संध्याकाळ पुरते. अवघड असतं ते प्रत्येक सॅकच्या (स्वतःचा क्रीचर, म्हणजे प्राणी-कार्ड, बळी देण्याच्या) आधी एक प्रश्न स्वतःला विचारणं: या क्षणी हा क्रीचर बोर्डवर असण्यात जास्त फायदा आहे की ग्रेव्हयार्डमध्ये (वापरलेल्या, मेलेल्या कार्डांच्या ढिगात) जाण्यात? माझ्या मते या डेकवर पकड येते ती या प्रश्नाचं उत्तर पटकन देता यायला लागल्यावर. म्हणून इथे लूप तर सांगतोच, पण जास्त जागा त्याच्या आजूबाजूच्या निर्णयांना देतो.

फॉरमॅटचे मूलभूत नियम (किमान ६० कार्डांचा डेक, दोन गेमच्या मधे बदलायला १५ कार्डांपर्यंतचा साइडबोर्ड, सुरुवातीला २० लाइफ) आणि स्टॅक (अजून सुटायच्या स्पेल आणि क्षमतांची रांग; शेवटी आलेलं आधी सुटतं) कसा चालतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. स्टॅक कच्चा असेल तर आधी तो पक्का करा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

पहिली पायरी: कोणतं कार्ड काय करतं

'यॉगमॉथ, थ्रॅन फिजिशियन' हा २०१९ च्या मॉडर्न होरायझन्स संचातला क्रीचर. किंमत चार मॅना (कार्ड टाकायला लागणारी ऊर्जा), त्यातले दोन काळे, अंगाने २/४ (ताकद दोन, टफनेस म्हणजे सहनशक्ती चार). त्याची मुख्य क्षमता अशी: एक लाइफ द्या, दुसरा एखादा क्रीचर सॅक करा; जास्तीत जास्त एका क्रीचरला लक्ष्य करून त्याच्यावर −१/−१ काउंटर (ताकद आणि टफनेस एकेकाने घटवणारी खूण) ठेवा आणि एक कार्ड ड्रॉ करा. यात मॅना लागत नाही आणि टॅपही करावं लागत नाही. त्यामुळे यॉगमॉथ उतरल्या क्षणापासून, कोणाच्याही टर्नमध्ये, लाइफ आणि क्रीचर पुरतील तितक्या वेळा ती वापरता येते. दुसरी क्षमता दोन काळे मॅना आणि एक कार्ड टाकून प्रोलिफरेट करण्याची, म्हणजे आधीच असलेले काउंटर एकेकाने वाढवण्याची. शिवाय त्याला ह्यूमन क्रीचरपासून संरक्षण आहे.

त्याचे जोडीदार अनडाइंगवाले. अनडाइंग ही २०१२ च्या डार्क असेन्शनमधली क्षमता: क्रीचर मेला आणि मरताना त्याच्यावर +१/+१ काउंटर नसेल, तर तो +१/+१ काउंटर घेऊन परत येतो. एका हिरव्या मॅनाचा यंग वुल्फ (१/१) आणि दोन हिरव्यांचा स्ट्रँगलरूट गाइस्ट (२/१, हेस्टसह, म्हणजे आल्याच टर्नला हल्ला करू शकणारा) हे यातले नेहमीचे चेहरे.

तिसरा घटक लाइफ खेचणारा. ब्लड आर्टिस्ट किंवा झुलापोर्ट कटथ्रोट. दोघेही दोन मॅनाचे. कटथ्रोट तुमचा क्रीचर मेला की प्रत्येक प्रतिस्पर्ध्याचं एक लाइफ घेतो आणि तुम्हाला एक देतो. ब्लड आर्टिस्ट कोणाचाही क्रीचर मेला तरी चालतो, पण तो एका खेळाडूला लक्ष्य करतो. हे दोघे मिळून डेकमध्ये एक-दोन प्रतीच पुरतात, कारण शोधून आणण्याची साधनं भरपूर आहेत आणि सुरुवातीच्या हातात हे कार्ड फारसं कामाचं नसतं.

शोधणारी कार्डं म्हणजे कॉर्ड ऑफ कॉलिंग, एल्ड्रिच इव्होल्यूशन आणि १६ डिसेंबर २०२४ पासून मॉडर्नमध्ये पुन्हा परवानगी मिळालेलं ग्रीन सन्स झेनिथ. झेनिथ फक्त हिरवे क्रीचर आणतं. यॉगमॉथ काळा आहे, तो त्याच्या आवाक्यात नाही; ग्रिस्ट मात्र आहे. 'ग्रिस्ट, द हंगर टाइड' बोर्डवर प्लेन्सवॉकर (लॉयल्टी काउंटर वाढवून-घटवून क्षमता वापरणारं कार्ड) असते, पण बाकी सगळीकडे ती १/१ क्रीचर धरली जाते, त्यामुळे ही तिन्ही कार्डं तिला शोधू शकतात.

मॅनासाठी इग्नोबल हायरार्क, डिलाइटेड हाफलिंग आणि वॉल ऑफ रूट्स. हाफलिंगचा रंगीत मॅना फक्त लेजंडरी स्पेलसाठी चालतो, पण त्याने टाकलेला स्पेल काउंटर (रद्द) करता येत नाही. यॉगमॉथ आणि ग्रिस्ट दोघेही लेजंडरी आहेत. काउंटरस्पेलवाल्या डेकसमोर हाफलिंग जपून ठेवा.

दुसरी पायरी: लूप

दोन अनडाइंग क्रीचर घ्या, त्यांना 'अ' आणि 'ब' म्हणू. आदर्श स्थिती: 'अ' कोरा (काउंटर नसलेला), 'ब'वर +१/+१ काउंटर. 'अ' सॅक करा, लक्ष्य 'ब'. सॅक ही किंमत असल्यामुळे 'अ' लगेच मरतो आणि त्याचा अनडाइंग ट्रिगर यॉगमॉथच्या क्षमतेच्या वर स्टॅकवर बसतो. ट्रिगर आधी सुटतो, 'अ' +१/+१ घेऊन परत येतो. मग यॉगमॉथची क्षमता सुटते: 'ब'वर −१/−१ पडतो, दोन्ही काउंटर एकमेकांना रद्द करतात आणि 'ब' कोरा होतो. आता तीच स्थिती, फक्त भूमिका उलट्या. पुढे 'ब' सॅक, लक्ष्य 'अ'. असंच चालू.

प्रत्येक फेरीत तुमचं एक लाइफ जातं आणि एक कार्ड येतं. ब्लड आर्टिस्ट किंवा कटथ्रोट असेल तर गेलेलं लाइफ परत येतं आणि समोरच्याचं एक कमी होतं. तो शून्यावर येईपर्यंत फेऱ्या मारायच्या.

सुरुवातीला दोघेही कोरे असतील तर काय? इथे अनेकजण चुकतात. सवयीने 'अ' सॅक करून 'ब'ला लक्ष्य केलं, तर १/१ वुल्फ −१/−१ काउंटरने मरतो, अनडाइंगने परत येतो आणि आता दोघांवरही +१/+१ बसलेला. लूप अडकला. म्हणून दोघे कोरे असताना पहिल्या सॅकला दुसऱ्या वुल्फला लक्ष्य करू नका. लक्ष्य न देताच करा, किंवा समोरच्याचा एखादा क्रीचर निवडा. नियमात 'जास्तीत जास्त एक' असं म्हटलंय, लक्ष्य दिलंच पाहिजे असं नाही.

दोघांवरही +१/+१ असेल तर तिसरा क्रीचर लागतो. हायरार्क सॅक करा, लक्ष्य 'अ'. 'अ' कोरा झाला की लूप सुरू. यासाठी बोर्डवर एक फालतू वाटणारा तिसरा क्रीचर राखून ठेवणं ही या डेकमधली सर्वांत फायद्याची सवय आहे. ग्रिस्टच्या +१ ने येणारा इन्सेक्ट टोकन (कार्ड नसलेला क्रीचर) या कामाला उत्तम.

आणखी तीन बारकावे.

ज्याला सॅक करताय त्यालाच लक्ष्य केलंत, तर क्षमता सुटताना लक्ष्य उरलेलंच नसतं. मग ती पूर्ण वाया जाते आणि कार्डही मिळत नाही. काहीच लक्ष्य दिलं नसतं तर कार्ड तरी मिळालं असतं.

एक लाइफ उरलं असताना यॉगमॉथ वापरता येत नाही असं समजा. किंमत भरताच तुम्ही शून्यावर येता आणि कटथ्रोटचा ट्रिगर सुटण्याआधीच हरता. लूपसाठी किमान दोन लाइफ हवीत. आक्रमक डेकसमोर ही रेषा कायम डोळ्यासमोर ठेवा आणि फेच लँड, शॉक लँड (लाइफ खर्च करायला लावणारे, मॅनासाठीचे लँड) वापरताना इथूनच मोजत या.

ड्रॉ सक्तीचा आहे. २० लाइफ खेचायला सुमारे २० कार्डं लागतात, ती असतात. पण समोरच्याने लाइफ खूप वाढवलं असेल तर आधी लायब्ररी मोजा.

तिसरी पायरी: यॉगमॉथपर्यंत पोचणं

सुरुवातीचा हात पाहताना मी लूपचे तुकडे शोधत नाही. दोन-तीन लँड, एक मॅना देणारा क्रीचर आणि पुढे काहीतरी करणारं एक कार्ड असेल तर हात ठेवायचा. यॉगमॉथ, दोन वुल्फ आणि आर्टिस्ट हातात असून एकच लँड असेल तर तो हात दिसायला मोहक असतो, पण परत करायचा.

वॉल ऑफ रूट्स नीट समजून घ्या. तिच्यावर −०/−१ काउंटर ठेवला की एक हिरवा मॅना मिळतो, प्रत्येक टर्नमध्ये एकदा, आणि त्यासाठी टॅप करावं लागत नाही. म्हणजे उतरल्या क्षणी मॅना देते, समोरच्याच्या टर्नमध्येही देते. त्यावर कॉर्ड ऑफ कॉलिंगला कन्व्होक आहे: क्रीचर टॅप करून किंमत भरता येते, आणि नुकताच आलेला क्रीचरही त्यासाठी चालतो. म्हणून एकटी वॉल कॉर्डसाठी दोन मॅना देते, एक काउंटरमधून आणि एक टॅप होऊन. तीन लँड, हायरार्क, वॉल आणि एक वुल्फ एवढं असलं की सात मॅना झाले. कॉर्डची किंमत तीन हिरवे अधिक X, तेव्हा X चार धरून समोरच्याच्या टर्नच्या शेवटी यॉगमॉथ थेट बोर्डवर.

एल्ड्रिच इव्होल्यूशनचं गणित वेगळं. सॅक केलेल्या क्रीचरच्या किंमतीपेक्षा दोनने जास्त किंमतीपर्यंतचा क्रीचर आणता येतो. स्ट्रँगलरूट गाइस्ट दोनचा, म्हणजे यॉगमॉथ आवाक्यात; शिवाय गाइस्ट परत येतो. वुल्फ सॅक केला तर ग्रिस्ट. सॅक ही किंमत असल्याने स्पेल काउंटर झाला तर इतर डेक क्रीचरही गमावतात आणि कार्डही. तुमचा अनडाइंगवाला मात्र परत येऊन उभा राहतो. इव्होल्यूशनसाठी शक्यतो कोरा अनडाइंगवालाच द्या.

यॉगमॉथ कधी टाकायचा? तुमच्या मेन फेजमध्ये तो उतरला की प्रायॉरिटी (पुढची कृती करण्याचा हक्क) आधी तुमच्याकडे येते. समोरच्याला त्याला मारण्याची संधी मिळण्यापूर्वी तुम्ही सॅक सुरू करू शकता. म्हणून रिकाम्या बोर्डवर चौथ्या टर्नला यॉगमॉथ टाकण्यापेक्षा एक टर्न थांबून शेजारी दोन क्रीचर असताना टाकणं बहुतेकदा बरं. मग तो मारला गेला तरी प्रत्युत्तरात सॅक करून तुम्ही दोन-तीन कार्डं घेऊनच उठता.

चौथी पायरी: लूपशिवाय खेळणं

डेकची खरी ताकद मला इथे दिसते. यॉगमॉथ बोर्डवर असताना तुमचा प्रत्येक क्रीचर एका कार्डात आणि एका −१/−१ काउंटरमध्ये बदलता येतो. याचा अर्थ समोरच्याचं रिमूव्हल (क्रीचर मारणारं कार्ड) कधीच पूर्ण किमतीचं ठरत नाही. त्याने वुल्फवर बोल्ट (डॅमेज करणारा स्पेल) मारला? सॅक करा, कार्ड घ्या. तुमचा क्रीचर ब्लॉक झाला? ब्लॉक जाहीर झाल्यावर सॅक करा, नुकसान कुणालाच नाही, कार्ड तुम्हाला.

एक टफनेसचे क्रीचर तुमचं पहिलं लक्ष्य. त्यातही ऑर्किश बोमास्टर्सबद्दल सावध राहा. ड्रॉ स्टेपमधलं पहिलं कार्ड सोडून तुम्ही घेतलेल्या प्रत्येक कार्डावर तो एक डॅमेज करतो आणि त्याची ऑर्क सेना वाढते. त्याला यॉगमॉथने मारलं तरी एक ट्रिगर होतोच, कारण काउंटर ठेवणं आणि कार्ड घेणं एकाच वेळी सुटतं आणि तेव्हा बोमास्टर अजून बोर्डवरच असतो. शक्य असेल तर त्याला ग्रिस्टच्या −२ ने मारा. लूप चालू असताना तो फ्लॅशने (मधेच, कोणाच्याही टर्नमध्ये) येऊ शकतो, म्हणून समोर काळे लँड उभे असतील तर लाइफचा हिशेब दोन-तीनने सैल ठेवा.

लाइफ खेचणारा बोर्डवर नसतानाही लूप उपयोगाचा आहे. १२ लाइफ असताना ११ कार्डं घेता येतात. मात्र सुरू करण्याआधी ठरवा की मिळालेल्या कार्डांचं काय करणार. मॅना उरलेला नसेल तर हातात कार्डांचा ढीग आणि एक लाइफ अशी केविलवाणी अवस्था होते. कॉर्डने आर्टिस्ट आणायला पाच मॅना लागतात (X दोन). परत आलेले वुल्फ अनटॅप असतात आणि कन्व्होकला चालतात. म्हणून आधी वुल्फने हल्ला करा, नंतर सॅक करा, म्हणजे टॅप झालेले वुल्फ ताजे होऊन परत येतात. दोन वुल्फ, हायरार्क आणि यॉगमॉथ हे चार झाले. एक लँड उभा ठेवलात की कॉर्ड निघाला.

जादा कार्डं आणि दोन काळे मॅना असतील तर प्रोलिफरेट विसरू नका. समोरच्याच्या तीन-चार क्रीचरवर एकेक −१/−१ ठेवून मग प्रोलिफरेट केलं की त्याचे दोन टफनेसपर्यंतचे क्रीचर साफ होतात. कोणत्या कार्डावरचे काउंटर वाढवायचे हे तुम्ही निवडता, तेव्हा स्वतःच्या वुल्फवरचे +१/+१ तसेच सोडा आणि ग्रिस्टची लॉयल्टी मात्र वाढवा.

पाचवी पायरी: लूप तोडला जातो तेव्हा

लूपची नाजूक वेळ एकच आहे. 'अ' परत आलाय, यॉगमॉथची क्षमता अजून सुटायची आहे. या क्षणी 'अ' आणि 'ब' दोघांवरही +१/+१ आहे. चांगला प्रतिस्पर्धी याच क्षणी 'ब'वर बोल्ट मारतो. 'ब' काउंटरसह मेला तर परत येणार नाही आणि यॉगमॉथचं लक्ष्य गेल्यामुळे कार्डही बुडेल.

तिसरा क्रीचर इथे कामी येतो. बोल्टला प्रत्युत्तर म्हणून हायरार्क सॅक करा, लक्ष्य 'ब'. ते सुटू द्या. 'ब' कोरा झाला. बोल्ट अजून स्टॅकवरच आहे. आता 'ब' स्वतः सॅक करा, लक्ष्य 'अ'. 'ब' +१/+१ घेऊन परत येतो, 'अ' कोरा होतो, बोल्टला लक्ष्य उरत नाही. लूप पुन्हा उभा. नुसतं 'ब' कोरा करून बोल्ट लागू दिला असता तर 'ब' परत आला असता, पण दोघांवर +१/+१ राहून तुम्ही अडकला असता. हा क्रम टेबलवर फासे मांडून हाताने करून बघा, वाचून पुरेसा लक्षात राहत नाही.

दुसरा धोका ग्रेव्हयार्डवरचा. अनडाइंग ट्रिगर स्टॅकवर असताना सर्जिकल एक्स्ट्रॅक्शन, एन्ड्युरन्स किंवा सोल-गाइड लँटर्नने ते कार्ड ग्रेव्हयार्डमधून काढता येतं. लँटर्नसारखं एकदाच वापरायचं साधन समोर दिसत असेल, तर पूर्ण लूपच्या भरवशावर सगळं लावू नका. तीन अनडाइंगवाले असतील तर आधी एकच सॅक करा. त्याने लँटर्न खर्च केला तर उरलेल्या दोघांनी पुढे जा. नाही केला तर तुम्हाला कार्ड मिळालंच आहे.

यॉगमॉथच मेला असेल तर अगाथाज सोल कॉल्ड्रन बघा. २०२३ च्या वाइल्ड्स ऑफ एल्ड्रेनमधला हा आर्टिफॅक्ट ग्रेव्हयार्डमधला यॉगमॉथ एक्झाइल (खेळातून बाहेर) करून तुमच्या एका क्रीचरवर +१/+१ काउंटर ठेवतो, आणि मग +१/+१ काउंटर असलेल्या तुमच्या प्रत्येक क्रीचरला यॉगमॉथच्या क्षमता मिळतात. दोन कोरे वुल्फ असतील तर कॉल्ड्रनचा काउंटर 'अ'वर ठेवा. मग 'अ'च्या क्षमतेने 'ब' सॅक करा, लक्ष्य 'अ'. 'ब' काउंटर घेऊन परत येतो आणि आता क्षमता 'ब'कडे आहे. यॉगमॉथ नसतानाही लूप चालतो.

सहावी पायरी: साइडबोर्डनंतर

दुसऱ्या गेमपासून समोरचा ग्रेव्हयार्ड बंद करणारी कार्डं आणेल. यातला एक फरक माहीत असायलाच हवा. रेस्ट इन पीस कार्ड आणि टोकन दोन्ही एक्झाइल करतं, त्यामुळे काहीच 'मरत' नाही आणि आर्टिस्टही गप्प बसतो. लेलाइन ऑफ द व्हॉइड फक्त कार्डांना लागू आहे. टोकन मरतात आणि आर्टिस्टला ट्रिगर मिळतो. लेलाइनखाली ग्रिस्टचे इन्सेक्ट सॅक करून शेवटची दोन-तीन लाइफ काढता येतात.

उत्तरं: हेवायर माइट, बोसेजू हू एन्ड्युअर्स, फोर्स ऑफ व्हिगर. माइट एक मॅनाचा क्रीचर असल्याने कॉर्डने X एक धरून मिळतो. बोसेजूच्या चॅनलची (कार्ड हातातून टाकून वापरायच्या क्षमतेची) किंमत तुमच्या प्रत्येक लेजंडरी क्रीचरमागे एकने घटते, म्हणजे यॉगमॉथ उभा असताना एकाच मॅनात काम होतं. फोर्स फुकटात फक्त समोरच्याच्या टर्नमध्ये निघतो. कर्स्ड टोटेम मात्र क्रीचरच्या सगळ्या ॲक्टिव्हेटेड क्षमता थांबवतो, म्हणजे यॉगमॉथबरोबर माइट आणि हायरार्कही बंद. त्यासाठी बोसेजू किंवा फोर्सच हवा.

उत्तरं किती घालायची? मी कमीच म्हणेन. प्रत्येक उत्तरामागे एक क्रीचर बाहेर जातो आणि क्रीचर कमी झाले की कॉर्ड महागतो, इव्होल्यूशन अडतं, यॉगमॉथ उपाशी राहतो. ग्रिस्ट आणि साधा हल्ला यांनी रेस्ट इन पीससमोरही गेम जिंकता येतात. समोरच्याने ते कार्ड टाकण्यात दोन मॅना आणि एक कार्ड घालवलेलं असतं.

सराव

+१/+१ साठी एका रंगाचे आणि −१/−१ साठी दुसऱ्या रंगाचे फासे ठेवा. टेबलवर खेळताना लूप एकदा पूर्ण दाखवा, किती वेळा करणार ते सांगा, आणि ड्रॉ केलेली कार्डं मोजून घ्या. मॅजिक ऑनलाइनवर मात्र प्रत्येक फेरी क्लिक करावी लागते आणि सामन्याला तुमच्या वाट्याला २५ मिनिटं असतात, त्यामुळे तिथे लूप हाताच्या सवयीचा झालेला हवा.

आता एक स्थिती सोडवून बघा. तुमचं एक लाइफ, समोरच्याची तीन. तुमच्याकडे यॉगमॉथ, दोन कोरे वुल्फ, कटथ्रोट आणि दोन लॉयल्टीची ग्रिस्ट. समोर एक मोठा क्रीचर, हातात काही नाही, टर्न तुमचा. यॉगमॉथ वापरलात तर हराल. ग्रिस्टच्या −२ ने मात्र लाइफ न देता सॅक करता येतं. एक वुल्फ द्या, तो मोठा क्रीचर मारा. कटथ्रोटमुळे समोरचा दोनवर, तुम्हीही दोनवर, आणि वुल्फ काउंटर घेऊन परत. आता कोरा वुल्फ सॅक, लक्ष्य काउंटरवाला: समोरचा एकवर, तुम्ही पुन्हा दोनवर. मग पहिला वुल्फ सॅक, लक्ष्य दुसरा. समोरचा शून्यावर. ग्रिस्टऐवजी हातात एल्ड्रिच इव्होल्यूशन आणि तीन मॅना असते तरी हेच जमलं असतं, कारण तिथेही वुल्फ किंमत म्हणून मरतो आणि स्पेल स्टॅकवर असतानाच तुम्ही दोनवर पोचता.